गर्दी नसलेला दिवस

“रविवारी जायचं नाही, बाय. तीन डिसेंबरच्या सणाला तर त्या रस्त्यालासुद्धा लागायचं नाही. मधल्या आठवड्यातला एखादा मंगळवार बघ. सकाळी दार उघडायच्या वेळेला रांगेत. ऊन चढलं की तिथला मांडव तापतो, आईला झेपणार नाही.”

माझा धाकटा भाऊ मेल्विन कॅनडातून बोलत होता. फोन मी शिवणाच्या टेबलावर मण्यांच्या डब्याला टेकवून ठेवला होता. तिकडे त्याच्या खिडकीबाहेर बर्फ पडत होतं आणि हा तिथून मला जुन्या गोव्यातलं ऊन कधी चढतं ते सांगत होता. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तर माझ्या भावानं.

“आणि नाताळानंतर तर नकोच,” तो म्हणाला. “सगळे टुरिस्ट.”

“बरं.”

“तू नुसतं बरं म्हणतेस. लिहून घे.”

“माझ्या हातात सुई आहे, मेल्विन.”

आमच्या वसई पट्ट्यातल्या ख्रिस्ती माणसाला जुन्या गोव्याचं ते मोठं कॅथेड्रल नवं नाही. संत फ्रान्सिस झेवियरचं शव एरवी समोरच्या बासिलिकेत उंचावर ठेवलेलं असतं, मान वर करकरून बघावं लागतं. दहा वर्षांतून एकदा ते खाली उतरवतात, रस्ता ओलांडून कॅथेड्रलमध्ये आणतात, आणि नोव्हेंबरच्या अखेरीपासून नाताळ ओलांडेपर्यंत लोकांना दर्शन देतात. त्या दिवसांत आमच्या प्रत्येक गावच्या देवळातून बस सुटते. मागच्या दर्शनाला आई अशाच बसनं गेली होती आणि नवस बोलून आली होती. पुढच्याच वर्षी मेल्विनचे कॅनडाचे कागद झाले. अख्खं गाव म्हणालं, नातालबायच्या नवसाला सायब, म्हणजे संत झेवियर, पावला. आई कुणाला हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. आम्ही आपलं धरून चाललो.

आता नवस फेडायचा होता. आई ऐंशीला टेकली होती, गुडघे गेले होते, कान त्याच्याही आधी गेले होते. पुढच्या दर्शनापर्यंत ती टिकणार नव्हती हे तिलाही ठाऊक होतं. हे राहिलं तर कायमचं राहिलं. म्हणून मी कंबर कसली होती.

आई टेबलापलीकडे बसून लसूण सोलत होती. मी ओरडून सांगितलं, “मेल्विन म्हणतो, मंगळवारी जा. गर्दी नसते.”

“गर्दी असली तर काय झालं?” आई म्हणाली. “देवाशी बोलायला गर्दीच बरी. मी कातरीनच्या बसनं जाते. रविवारची आहे.”

माझ्या हातातली सुई थांबली. कातरीनचं नाव आमच्या घरात निघत नसे, आणि ते माझ्यामुळे निघत नसे.

कातरीन आमची शेजारीण. आमची विहीर आणि तिची विहीर यांच्यामध्ये फक्त केळीची एक रांग. लहानपणी मी तिला मावशी म्हणायची. तिच्या बहिणीचा मुलगा आग्नेल, आगाशीचा, एसटीत होता. त्याचं स्थळ मला तिनंच आणलं. मला एकतिसावं लागलं होतं, आमच्यात ते उशिराच. पण आग्नेल चांगला होता. दोनदा घरी आला, दोन्ही वेळा माझ्या मशीनचा पट्टा नीट करून गेला. मी माझ्यासाठी कापडसुद्धा आणून ठेवलं होतं. दुसऱ्यांचे लग्नाचे गाऊन शिवण्यात माझा जन्म चालला होता, म्हटलं हा एक आपला. आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ लागायच्या तोंडावर कातरीन मागच्या दारानं आली, बाहेरच उभी राहिली आणि म्हणाली, “सबिना, ते लोक नको म्हणताहेत.” का, ते सांगेना. माझ्याकडे बघेना. मी काय समजायचं ते समजले. तिच्या स्वतःच्या पुतणीचं लग्न तेव्हा ठरत नव्हतं, पोटात दुखलं असणार. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलले नव्हते. आग्नेलनं वर्षाच्या आत वाघोलीची मुलगी केली. तिचा गाऊन माझ्याकडे शिवायला आला होता. मी शिवला. चांगला शिवला.

“तू कातरीनबरोबर जाणार?” मी आईला विचारलं. “दहा वर्षं मी जिचं तोंड बघत नाही, तिच्याबरोबर?”

“तुला तुझी कामं आहेत. आगमनकाळात तुला श्वास घ्यायला वेळ नसतो.”

हे मात्र खरं होतं. आमच्याकडे आगमनकाळात, नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, लग्नं लागत नाहीत. नाताळ झाला की जी सुरू होतात ती उपवासकाळ लागेपर्यंत थांबत नाहीत. म्हणजे डिसेंबरचा महिना देवळात शांतता आणि माझ्या मशीनवर धुमाकूळ. आई जी जी तारीख सुचवी ती नेमकी माझ्या कामाच्या ऐन गर्दीतली असे. ह्या रविवारी दोन नवऱ्या मापाला येणार, त्या शनिवारी डोक्यावरचे व्हेल द्यायचे, तिला सगळं पाठ. मला वाटे, बिचारी माझा त्रास वाचवते आहे. वाटून डोळे भरून येत.

मग मी जास्तच हट्टाला पेटले. तीन गाऊन मी परत केले. एक नवरी रडली, तिची आई मला नको ते बोलली. बोलू दे म्हटलं. माझ्या आईचा नवस मी फेडून आणणार, तोही आरामात, गर्दी नसताना, व्हीलचेअरवर बसवून. कातरीनच्या खांद्याला धरून नाही.

मेणबत्ती आईनं स्वतः सांगून करवली. ज्याच्यासाठी नवस, त्याच्या उंचीची मेणबत्ती द्यायची अशी आमच्याकडे चाल आहे. मापाचा दोरा तिनंच मेणबत्तीवाल्याला धाडला. मेणबत्ती घरी आली तेव्हा मी ती भिंतीला उभी केली आणि हसले.

“हा मेल्विन आहे? मेल्विनला आपल्या दारातून वाकून यावं लागतं. हा आखडला कधी?”

“थंडीत मेण आखडतं,” आई म्हणाली.

“मेणबत्तीवाल्यानं तुला फसवलं. बोलते मी त्याच्याशी.”

“काही बोलायचं नाही. मी दिलंय तेवढंच माप आहे.” आणि तिनं ती जुन्या चादरीत गुंडाळून टाकली.

जायच्या आदल्या दिवशी तिनं शेवटचा प्रयत्न केला. “सबिना, तू आत येऊ नकोस हां. मला दारापर्यंत सोड. आत ते लोक असतात मदतीला.”

“आणि तू चेंगरलीस तर?”

“तूच म्हणतेस ना गर्दी नाही म्हणून?”

मला वाटलं, म्हातारपणीचं चक्रमपण. आपल्यासाठी पोरीनं इतकं करावं याची लाज वाटते तिला. मी तिच्या केसांना तेल लावलं, नखं कापली आणि बॅग भरली.

करमळी स्टेशनला उतरून आम्ही एका साध्या लॉजमध्ये मुक्काम केला. मंगळवारी सकाळी कॅथेड्रलसमोर पोचलो तेव्हा गवतावर दव होतं. पांढरीशुभ्र इमारत, आणि तिला एकच मनोरा. दुसरा कधीकाळी पडला, तो पुन्हा बांधलाच नाही. आई बघत राहिली आणि म्हणाली, “देऊळ अजून एका हातानंच उभं आहे.”

मेल्विनला मानलं पाहिजे. रांगेसाठी घातलेला तो लांबलचक मांडव जवळजवळ रिकामा होता. रविवारी तिथं पाय ठेवायला जागा नव्हती असं रिक्षावाला सांगत होता. लाऊडस्पीकरसुद्धा अजून सुरू झाला नव्हता. व्हीलचेअरची वाट वेगळी होती, तिच्यावर आम्ही दोघीच. चादरीतली मेणबत्ती मी खांद्यावर घेतली होती. दारावरच्या स्वयंसेवकानं सांगितलं की मेणबत्त्या आत न्यायच्या नाहीत, बाहेर जागा केली आहे, आधी दर्शन करून या. मी ती त्याच्याजवळच भिंतीला टेकवली.

आत गेल्यावर आईनं कानातलं मशीन काढून माझ्या हातात दिलं. देवळात ते शिटी मारतं म्हणून ती नेहमीच काढते. इथं एक सांगायला पाहिजे. मशीन काढलं की आईला आपला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. तिला वाटतं आपण कुजबुजतो आहोत. आमच्या गावच्या देवळात तिचं फादरपुढचं पापनिवेदन बाहेरच्या अख्ख्या रांगेला ऐकू जाई. मी कुणाची भेंडी न विचारता तोडली, मी मेल्विनच्या बायकोला मनात शिव्या दिल्या, मी रविवारच्या मिस्सेत झोपले. पोरं हसत. शेवटी फादर तिला आतल्या खोलीत नेऊन दार लावून घेऊ लागले. तिला कितीदा सांगितलं, पण ती मानत नसे. “मी हळूच बोलते,” म्हणायची.

कॅथेड्रल आतून इतकं मोठं की आमचे पाय वाजत होते. पुढं फुलांच्या मधोमध काचेची पेटी. पेटीजवळ एक मध्यमवयीन गोवेकर बाई उभी होती, गळ्यात स्वयंसेवकाची पट्टी. एरवी तिचं काम म्हणजे माणसं पुढं ढकलणं. त्या दिवशी ढकलायला कोणी नव्हतं. तिनं आईचे पाय बघितले, गुडघ्यांचे पट्टे बघितले, आणि प्रेमानं म्हणाली, “आज गर्दी नाही, आवय. सावकाश मागणं कर.”

आईनं काही ऐकलं नाही, पण हातानं मला खूण केली. मागे हो. मी खुर्चीच्या मागे दोन पावलं सरकले. तिनं काचेवर दोन्ही हात ठेवले, कपाळ टेकवलं आणि बोलायला लागली.

“सायबा, मी आले. तुला बोललेलं आणलंय. बाहेर ठेवलंय, आत आणू देत नाहीत.”

तिचा आवाज वर छताला लागून परत येत होता. मला हसू आलं. मी त्या बाईकडे बघून, म्हातारी बहिरी आहे, अशी खूण केली. तीही हसली.

“पोरगा गेला तो गेला. तो मी तुझ्याकडे मागितला नव्हता. पाखराला कोण अडवणार. मी म्हटलं होतं, दोघांतलं एक तरी माझ्याजवळ ठेव. तू ठेवलीस.”

मी अजून हसतच होते बहुतेक.

“आग्नेलकडची माणसं चांगली होती, मी वाईट म्हणत नाही. पण ही गेली असती तर मला पाणी कोणी दिलं असतं? म्हणून मी कातरीनला सांगितलं, पोरीला फिट येते, कुणाला सांगू नकोस, पण तुझ्या बहिणीला फसवू नकोस. मला भीती होती, कातरीन मानते की नाही. तू तिला मानायला लावलंस. लग्न मोडलंस. तुझे लई उपकार, सायबा. माझं म्हातारपण सुखात गेलं. पोरीनं मला फुलासारखं ठेवलंय. आता एकच मागणं, माझ्या आधी तिला काही होऊ देऊ नकोस.”

ती गोवेकर बाई आता हसत नव्हती. ती जमिनीकडे बघत होती. तिला मराठी सगळं समजत होतं. मागून चार-पाच माणसांचं एक कुटुंब येऊन थांबलं होतं, त्यांनाही समजलं असावं, कारण त्यातली एक मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी खुर्चीची मूठ धरली होती. मला त्या म्हातारीला तिथंच काचेसमोर सोडून चालू पडावंसं वाटलं. सरळ करमळीला जाऊन मिळेल त्या गाडीत बसावं. आणि तितक्यात असंही मनात आलं की हिला आता लघवीला न्यायची वेळ झाली आहे. मला माझाच संताप आला.

आईनं काचेचा मुका घेतला. मागे वळून म्हणाली, “झालं माझं. चल.” तिचं तोंड नुसतं उजळलं होतं.

त्या बाईनं माझ्या दंडाला हात लावला. मी खुर्ची ढकलली. दुसरं काय करणार होते?

बाहेर आईला एका झाडाखाली सावलीत बसवलं, मशीन कानात घातलं. ती म्हणाली, “आता मेणबत्ती देऊन ये. नीट उभी कर. पडू देऊ नकोस.”

“कुणाच्या उंचीची आहे ती?”

“हां?”

“मेणबत्ती. कुणाच्या उंचीची?” मी मोठ्यानं विचारलं.

तिनं मशीन कानात नीट बसवलं. मग रस्त्यापलीकडे बघत म्हणाली, “मेल्विनच्या. दुसऱ्या कुणाच्या?”

मी मेणबत्ती उचलली आणि वळसा घालून बाजूच्या भिंतीपाशी गेले. चादर सोडली, मेणबत्ती सरळ उभी केली आणि तिच्या शेजारी उभी राहिले. डोक्यावर तळहात ठेवून बघितलं. वात माझ्या हाताला लागली. मग आठवलं. ह्याच पावसाळ्यात एकदा आईनं मला दाराच्या चौकटीत उभं केलं होतं आणि डोक्यावरून दोरा सोडला होता. पडद्याचं माप घेते, म्हणाली होती. मी हसले होते, पडद्याचं माप कोणी असं घेतं का, शिंप्याच्या घरात राहून तुला एवढंही येत नाही.

मेणबत्त्यांची जागा समोरच होती. माणसं आपापलं लावून हात जोडत होती. मी पाहिलं जरा वेळ. मग मेणबत्ती गुडघ्यावर घेतली आणि मोडली. एकदा, पुन्हा एकदा, पुन्हा एकदा. मेण मोडलं तरी आतली वात तुटेना, तुकडे एकमेकांना लोंबत राहिले. तशीच ती दुमडून चादरीत गुंडाळली आणि बॅगेच्या तळाशी, माझ्या कपड्यांखाली घातली.

“लावलीस?” आईनं विचारलं.

“लावली.”

“नीट पेटली?”

“नीट पेटली.”

तिनं क्रूस काढला. मग म्हणाली, “भूक लागली गं. तुला नाही लागली?”

दुपारी मेल्विनचा फोन आला. तिकडे पहाट होती, मुद्दाम उठला होता. “काय, गर्दी होती का?”

“अजिबात नव्हती,” मी म्हटलं. “तू सांगितलेली वेळ अगदी बरोबर होती. सगळं नीट ऐकू आलं.”

“बघ, मी म्हटलं नव्हतं?” तो खूश झाला.

घरी परत आल्यावर दुसऱ्याच सकाळी मी केळीची रांग ओलांडून कातरीनच्या मागच्या दारात गेले. ती मासे साफ करत होती.

“माझ्या आईनं तुला काय सांगितलं होतं, आग्नेलच्या वेळी?”

कातरीननं सुरी बाजूला ठेवली. मग हात धुऊन ओट्यावर बसली. “मला क्रूसावर हात ठेवायला लावला होता तिनं. तुला सांगायचं नाही म्हणून.”

“तू मानलंस?”

“आई पोरीविषयी असलं खोटं सांगेल, असं कोण मानेल?” ती म्हणाली. “कितीतरी वर्षं मी केळींपलीकडून तुझ्या फिटची वाट बघत होते, सबिना. रात्री काही पडल्याचा आवाज आला की धावत यायची तयारी ठेवायचे. एकदासुद्धा आली नाही. मग हळूहळू कळलं. पण तोवर आग्नेलला दोन पोरं झाली होती.”

मी तिच्या ओट्यावर बसून रडले. तिनं मला चहा दिला. त्यानंतर आम्ही दोघी बोलायला लागलो, पण मावशी हा शब्द काही पुन्हा माझ्या तोंडात आला नाही.

आईला मी काही विचारलं नाही. भांडायचं तर तिच्याशी ओरडून भांडावं लागलं असतं, आणि गावानं ऐकलं असतं. शिवाय भांडून मला काय मिळणार होतं? मी तिचं सगळं केलं. अंघोळ, औषध, जेवण, सगळं वेळच्या वेळी. फक्त केसांना तेल लावायचं बंद केलं. त्यासाठी एक बाई ठेवली. आईनं कारण विचारलं नाही.

मेणबत्ती शिवणाच्या खोलीत कपाटावर आहे. मणी ओवायचा दोरा मेणावरून ओढून घेतला की गुंतत नाही, लवकर तुटतही नाही. आमच्या धंद्यात मेणाचा तुकडा लागतोच. त्या वर्षापासून मी विकत आणला नाही. पट्ट्यातल्या किती नवऱ्या तो दोरा अंगावर घालून देवळात गेल्या असतील, देव जाणे. आता हातभर उरली असेल.

आई त्यानंतर सात वर्षं जगली. शेवटच्या दिवसांत नुसतं पाणी जायचं, तेही चमच्यानं. एका दुपारी मी पाजत होते. कानातलं मशीन उशीशेजारी पडलेलं होतं. तिनं डोळे उघडले आणि अख्ख्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “सबिना, माझा नवस फिटला ना गं?”

मी चमचा तिच्या ओठांना लावला, पाणी नीट आत जाऊ दिलं, पदरानं हनुवटी पुसली. मग हळूच म्हटलं, “नाही.”

तिनं समाधानानं मान हलवली आणि डोळे मिटले.